गहाण राहिलेली सरी

आईच्या महिन्याच्या मिस्सेनंतर पाहुणे पांगले आणि आम्ही तिघे भावंडे तिची पत्र्याची पेटी पुढे घेऊन बसलो. पेटीत फार काही होते असे नाही. दोन पाटल्या, क्रूस अडकवलेली सोन्याची साखळी, आईच्या लग्नातली अंगठी, आम्हां सर्वांच्या हातांत एकामागून एक घातली गेलेली लहान मुलांच्या मनगट्यांची जोडी आणि लुगड्याच्या एका विटलेल्या तुकड्यात गुंडाळलेली चांदीची सरी. मृत्यूनंतरची वाटणी हा प्रसंग बऱ्याच घरांत भांडणाचा होतो. आमच्या घरी तो झाला नाही, याचे श्रेय आमच्या शहाणपणापेक्षा पेटीच्या हलकेपणाला आहे. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा मुलगा आणि मुलगी यांत फरक करीत नाही, हे आम्हांला ठाऊक होते; पण कायदा उघडण्याची वेळच आली नाही. पाटल्या ताईला, साखळी धाकट्याला, अंगठी व मनगट्या आमच्याकडे, असे अर्ध्या तासात ठरले. उरली ती सरी.

वाचकांपैकी ज्यांनी आमच्या भागातली सरी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गळ्याभोवती बसणारे ते चांदीचे जाड, ताठ कडे असते. मागे किंचित उघडे, टोकांना चपटी गाठ दिलेली. पूर्वेकडे छत्तीसगढी मुलखात त्यालाच सुता म्हणतात. गोंदिया जिल्हा आज स्वतंत्र आहे. १ मे १९९९ पूर्वी तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता. या टापूत धान रोवणाऱ्या, बिडीसाठी तेंदूची पाने तोडणाऱ्या बायकांच्या अंगावर सोने क्वचितच दिसे. जे काही असे ते चांदीत, आणि ते वजनदार असे. त्याचे कारण सौंदर्याचे कमी आणि व्यवहाराचे अधिक. बँक नव्हती, होती तिथे ती दूर होती. ज्या वर्षी पाऊस बरा होई त्या वर्षीची शिल्लक गळ्यात चढे आणि ज्या वर्षी तो दगा देई त्या वर्षी ती गळ्यातून उतरे.

आमच्या घरात मात्र ही सरी ‘आजीची सरी’ म्हणूनच ओळखली जाई. आजोबा रेल्वेत फिटर होते. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळात नोकरीला लागले, कंपनीची सरकारी रेल्वे झाली, तिची नावे बदलली, आजोबा गोंदियाच्या चाळीतच राहिले. आजी नागपूरची. नाताळात आई पेटी उघडून दागिने उन्हात पुसायला काढी, तेव्हा सरी हातात घेऊन म्हणे, ‘ही तुमच्या आजीची.’ ताईला तर आजीने ती नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला घातल्याचे स्पष्ट आठवते. आजी वारली १९७९ साली, तेव्हा ताई दहा वर्षांची होती; तिच्या आठवणीवर शंका घेण्याचे आम्हांला कारण नव्हते. १९८१ साली शाळेच्या संमेलनात ताईने रोवणीचे नृत्य केले, तेव्हा तिच्या गळ्यात हीच सरी होती. तो फोटो आईच्या खोलीत शेवटपर्यंत भिंतीवर होता.

पेटीच्या तळाशी आजोबांचे प्रार्थनापुस्तक होते. त्याच्या पानांत रेल्वेच्या एका कोऱ्या फॉर्माच्या पाठीवर आजोबांच्या हातची चिठ्ठी निघाली. त्यावर ऑगस्ट १९६६ ची तारीख. चांदीची सरी एक, वजन तीस तोळे. रुपये चाळीस दिले. एका बाईचे नाव आणि सालेकसा भागातील एका गावाचे नाव. ‘धन्याच्या औषधाकरिता. धान निघाल्यावर नेईल.’ एवढेच. त्या बाईचे नाव आम्ही येथे छापीत नाही. ते का, हे पुढे कळेल.

चिठ्ठी वाचून झाल्यावर काही वेळ कोणीच बोलले नाही. मग ताई म्हणाली, ‘पण आजीने घातली होती.’ आणि त्या एका वाक्यात जो प्रश्न उभा राहिला, त्याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे. वाडवडिलांचा म्हणून आपण जो दागिना जपतो, त्याच्या मालकीचा पुरावा आपल्याजवळ कोणता असतो? पावती नसते. मृत्युपत्र बहुधा नसते. असते ती आठवण. आठवण म्हणते, ‘हे आमचे’, आणि आपण ते सत्य धरून चालतो. परंतु आठवण खोटी ठरली तर काय उरते? आणि ज्या वस्तूवर दोन पिढ्यांनी प्रेमाने हात फिरवला, ती त्या प्रेमानेच आपली झाली, असे म्हणता येईल का?

१९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे देशभर अवर्षणाची होती. परदेशातून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर देश जगत होता. अशा वर्षी ऑगस्ट महिन्यात, म्हणजे जुने धान्य संपलेले आणि नवे धान अजून शेतात हिरवे असलेल्या दिवसांत, नवरा आजारी पडलेल्या बाईने गळ्यातली सरी उतरविली, यात नवल काहीच नाही. नवल वाटते ते आजोबांनी सरी का ठेवून घेतली याचे. ते सावकार नव्हते. परवाना वगैरे दूरच. दरमहा पगार मिळणारा माणूस अशा टापूत आपोआप लोकांचा आधार होतो आणि आधार होता होता थोडासा सावकारही होतो. चिठ्ठीत व्याजाचा उल्लेख नाही. तो आजोबांच्या चांगुलपणामुळे नाही, की लिहिण्याची गरजच नव्हती म्हणून नाही, हे आम्ही ठरवू शकत नाही. आमचा कल कोणीकडे असणार ते वाचक ओळखतीलच.

प्रथम आम्ही कायद्याकडे वळलो. खरे सांगायचे तर सोडवणुकीच्या आशेने वळलो. साठ वर्षांच्या आसपास काळ लोटलेला. मुदत केव्हाच संपली असेल, असे वाटले. परंतु १८७२ चा भारतीय करार कायदा याबाबत आमच्यापेक्षा कठोर निघाला. गहाण घेणाऱ्याला वस्तू विकायची तर आधी वाजवी सूचना द्यावी लागते, आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत गहाण ठेवणाराला ती केव्हाही सोडवून घेण्याचा हक्क राहतो. आजोबांनी सूचना दिली नाही, विक्रीही केली नाही. मुदतीचा कायदा म्हणतो की, गहाण वस्तू परत मिळविण्याच्या दाव्याची तीन वर्षे मोजायची ती मागणी नाकारली त्या दिवसापासून. कोणी मागितलेच नाही, तर नाकारले कधी? म्हणजे कायद्याचे घड्याळ अजून सुरूही झालेले नाही. हिशेबही करून पाहिला. शेकडा बारा या दराने सरळ व्याज धरले तरी चाळीस रुपयांवर साठ वर्षांचे व्याज २८८ रुपये होते, मुद्दलासह ३२८. तीस तोळे चांदीची आजची किंमत त्याच्या कितीतरी पट. तेव्हा ‘कर्जात फिटली’ असे म्हणण्याचीही सोय राहिली नाही.

पवित्र शास्त्र तर त्याहूनही पुढे जाते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात गहाणाविषयी जे नियम दिले आहेत ते आपल्या प्रवचनांत फारसे येत नाहीत, याचे आम्हांला नेहमी वाईट वाटते. जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचे जगणेच गहाण घेणे होय. गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नये. धनकोने बाहेर उभे राहावे आणि जे द्यायचे ते त्या माणसाने स्वतः बाहेर आणून द्यावे. गरिबाचे पांघरूण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, म्हणजे तो त्यात निजेल. या नियमांत कर्जफेडीची चिंता जवळजवळ नाहीच. चिंता आहे ती उंबरठ्याबाहेर उभे राहण्याची. ज्याने हात पसरला त्याच्या घराला आतून पाहण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याला मिळत नाही, ही त्यातील सूक्ष्मता तीन हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे आणि आजच्या कित्येक वसुली अधिकाऱ्यांना ती अजून कळलेली नाही.

याच संदर्भात गोव्यात घडलेली एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याच्या आधीच्या दिवसांत बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेने, गोमंतकीय कुटुंबांनी तिच्याकडे तारण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला हलविले. त्या कुटुंबांत हिंदू होते, कॅथोलिकही होते. कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी शेतासाठी, कोणी आगबोटीवर नोकरीला जाणाऱ्या मुलाच्या वाटखर्चासाठी ते ठेवले असणार. राज्य एका रात्रीत बदलले आणि कर्ज कोणाचे, तारण कोणाचे हे सर्व समुद्रापलीकडे गेले. भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९५५ पासून तुटलेले होते. ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानंतर पुन्हा जुळले. तरीही दागिने गोव्यात परत यायला १९९१ साल उजाडले. तीस वर्षे! ज्या सुनेच्या हातातून कंकणे उतरली ती एव्हाना आजी झाली असेल, किंवा मातीआड गेली असेल. पावती किती घरांत टिकली असेल, किती घरांत वाळवीने खाल्ली असेल, कोण जाणे.

या घटनेकडे पाहताना साम्राज्याने केलेली लूट एवढेच बहुतेकांना दिसते, आणि ते दिसणे स्वाभाविकच आहे. परंतु आम्हांला तिच्यात दुसरेही काही दिसते. तीस वर्षे ते सोने वितळविले गेले नाही. दागिना दागिना म्हणूनच परत आला. सोन्याचा भाव देऊन मोकळे होता आले असते. पण भाव देणे म्हणजे परत देणे नव्हे. ज्या बाईला आपल्या सासूच्या बांगड्या हव्या आहेत, तिला तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या बांगड्या देऊन भागत नाही. बाजाराच्या दृष्टीने सोने हे सोने. ते नाव विसरते, आकार विसरते, मुशीत गेले की कोणाच्याही घराचे होते. दागिना विसरत नाही. पाटलीच्या आतल्या बाजूला ज्या हाताची झीज असते तो हात निराळा ओळखता येतो.

येथे एक आडवाट घेतो. दागिन्याविषयी आपल्या श्रद्धेत थोडा संकोच आहे, आणि तो प्रामाणिक आहे. निर्गमाच्या पुस्तकात इस्राएलाच्या बायकामुलांच्या कानांतल्या कुंडलांचे वासरू ओतले गेले. त्याच पुस्तकात पुढे त्याच लोकांनी नथी, अंगठ्या, कुंडले आणून निवासमंडपासाठी दिली. याकोबाने आपल्या घरच्यांच्या कानांतली कुंडले शखेमाजवळच्या झाडाखाली पुरून टाकली. पण त्याच्याच आईला, रिबकेला, विहिरीवर पहिली भेट मिळाली ती सोन्याची नथ आणि दोन कांकणे. नागपूरच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात रिबकेच्या या दागिन्याचा आधार घेऊन बायकोचा कान प्रथम नवऱ्याचा असावा आणि त्यात वाईट बोल शिरू नयेत असा अर्थ लावला आहे. संत मंडळींनाही दागिना पाहून स्मित करता येत होते म्हणायचे. तेव्हा सोने स्वतः पापी नाही आणि पुण्यवानही नाही. ते कोणाकडून आले आणि कोणाकडे गेले, एवढेच विचारायचे.

आणि तोच प्रश्न आमच्या पेटीला पडला होता. ताईने एक तोडगा सुचविला, आणि तो सुचविताना तिचे मन शुद्ध होते. ‘सरी मोडून पैसे धर्मग्रामाच्या गरीब निधीला देऊ. त्या बाईच्या नावाने मिस्सा सांगू.’ धाकट्याला हे पटले. आम्हांलाही क्षणभर पटले. संत अँब्रोज यांनी युद्धकैद्यांना सोडविण्यासाठी चर्चमधील पवित्र पात्रे मोडून वितळविली आणि टीका करणाऱ्यांना उत्तर दिले की, ख्रिस्तसभेला सोने मिळाले ते साठविण्यासाठी नव्हे, खर्चण्यासाठी. मग चांदीच्या एका सरीचे काय! परंतु थोडा विचार केल्यावर फरक ध्यानात आला. अँब्रोज यांनी जे मोडले ते ख्रिस्तसभेचे होते. आम्ही जे मोडणार होतो ते आमचे नव्हते. दुसऱ्याच्या वस्तूचे दान करून पुण्य पदरात पाडण्याचा हा प्रकार झाला असता. आणि त्यातली खरी गोडी अशी की, आम्हांला कोणाच्या दारात जाऊन उभे राहावे लागले नसते. निधीच्या पेटीला डोळे नसतात.

आम्ही आमच्या धर्मगुरूंकडे गेलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एकच विचारले, ‘शोध केला का?’ पुढे त्यांनी संत थॉमस अक्वायनस यांचे मत समजावून सांगितले. जे दुसऱ्याचे आहे ते परत केल्यावाचून न्याय पुरा होत नाही. ज्याचे आहे तो कोण हेच कळत नसेल, तर शक्य तेवढे करावे, त्याच्या कल्याणासाठी, मग तो जिवंत असो वा मृत, दानधर्म करावा. परंतु काळजीपूर्वक शोध घेतल्यानंतर. तो मरण पावला असेल तर त्याच्या वारसाला द्यावे. म्हणजे ताईचा तोडगा चुकीचा नव्हता. तो शेवटच्या पायरीवरचा होता आणि आम्ही पहिलीच पायरी चढलो नव्हतो. संत ऑगस्टिन यांनी तर बजावले आहे की, परत करणे शक्य असताना जो परत करीत नाही त्याचा पश्चात्ताप हा निव्वळ देखावा होय. जक्कय झाडावरून उतरला, त्याने प्रभूला आपल्या घरी घेतले आणि मग चौपट परत करण्याचे तो बोलला. प्रभूने त्याच्या घरी तारण आले असे म्हटले ते त्यानंतर.

तरीही आमच्यात कुरबुर चालूच राहिली, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. धाकट्याचे म्हणणे असे की, आजोबांनी चूक केली नाही. सरी विकली नाही, वितळविली नाही, चिठ्ठी जपली. बाईच आली नाही. मग आपण अपराधी कसे? त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. आजोबा १९७१ साली वारले, तोपर्यंत सरी गहाणच होती; चिठ्ठी तिला बांधून होती म्हणा ना. अपराध असलाच तर तो त्यांच्यानंतरचा आहे, आणि त्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. सरी एका कापडात राहिली, चिठ्ठी पुस्तकात गेली, आणि दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत आमची आठवण वाढली. आजीने कधीतरी कौतुकाने ती गळ्याला लावून पाहिली असेल. आईने सून म्हणून घरात आल्यावर सासूच्या पेटीत ती पाहिली आणि सासूची मानली. ताईच्या बालमनाने तिला नाताळच्या रात्री नेऊन बसविले. कोणीही खोटे बोलले नाही. तरी सर्वांनी मिळून एका परक्या बाईला तिच्या स्वतःच्या दागिन्यातून हलकेच बाहेर काढले.

वाडवडिलांच्या वस्तूंविषयी हे आम्हांला सर्वांत अवघड वाटते. लोभाने परके हडपणारा माणूस निदान रात्री जागा राहतो. प्रेमाने हडपणारा शांत झोपतो.

हे केवळ जुन्या काळाचे नाही. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे स्वतः फेडून त्यांच्या गहाण वस्तू परत देवविण्याची योजना काढली. योजना परवानाधारकांपुरती, आमच्या आजोबांसारख्यांची कपाटे तिच्या कक्षेत येत नव्हती. महामारीच्या वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, रिझर्व्ह बँकेने दागिन्यांच्या किमतीच्या ७५ टक्क्यांऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्यास काही महिने मुभा दिली. त्या दिवसांत आमच्या धर्मग्रामातील किती गळे मोकळे झाले ते रविवारच्या मिस्सेला दिसत होते. त्यातले काही अजून मोकळेच आहेत.

शेवटी आम्ही आणि धाकटा असे दोघे डोंगरगडकडे जाणाऱ्या पॅसेंजरने सालेकशाला उतरलो. ताई आली नाही. चिठ्ठीतले गाव तेथून पुढे. धान कापून झालेले होते, बांध्यांत लाखोळीची हिरवळ होती. चौकशी करताना आम्ही काय शोधतो ते सांगायला जीभ अडत होती. ‘तुमच्या गावच्या एका बाईची सरी आमच्याकडे आहे’ हे वाक्य साठ वर्षांनी बोलताना चोरीचे वाटते. पारावरच्या एका म्हाताऱ्याने नाव ऐकून कपाळाला हात लावला. ‘ते घर तर कधीच उठलं बाप्पा. त्याच साली. भिलाईला गेले सगळे.’ तिथल्या पोलाद कारखान्याच्या कामांवर आमच्या टापूतून त्या काळी पुष्कळ माणसे गेली. धान निघालेच नसेल. मग सरी न्यायला कोण येणार आणि कशाने सोडवून नेणार? चिठ्ठीतले शेवटचे वाक्य त्या पाराखाली उभे असताना आम्हांला प्रथमच नीट कळले.

म्हाताऱ्याच्या नातवाने खटपट करून दुर्गमधील एक फोन क्रमांक मिळविला. बोलणारी त्या बाईची नात. आमच्यापेक्षा थोडी लहान असेल. ती छत्तीसगढी वळणाच्या हिंदीत बोलत होती, मध्येच एखादा शब्द आमच्याकडचा. आम्ही सरीचे सांगितले, तशी ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की, त्यांच्या घरी सुत्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे. आजोबांनी तो चोरून विकला आणि दारूत उडविला. आजी तसे कधी बोलली नाही, पण घरातील इतर सर्व बोलत. तिचे वडीलही बोलत. आजोबा भिलाईला गेल्यावर दोन वर्षांतच वारले. त्यांच्या मागे ही एकच गोष्ट राहिली होती. घरात कोणी बाटलीला हात लावला की, ‘सुता विकणाऱ्याचे रक्त’ असे म्हणण्याची त्यांच्याकडे पद्धत आहे.

आम्ही फोनवर चिठ्ठी वाचून दाखविली. ‘धन्याच्या औषधाकरिता’ हे शब्द तिने दोनदा वाचायला लावले. त्या बाईचे नाव येथे न छापण्याचे कारण हेच. त्या घरची गोष्ट आता त्यांची त्यांना नीट लावू द्यावी.

संत थॉमस यांनी परतफेडीच्या त्याच प्रकरणात वस्तूबरोबर नावलौकिकाचाही विचार केला आहे. कोणाचे नाव अन्यायाने बुडाले असेल तर तेही परत करावे लागते, आणि ते वस्तूपेक्षा अवघड असते. आमच्या हातून एका मेलेल्या माणसाचे नाव साठ वर्षे पेटीत बंद होते, याची आम्हांला कल्पनाही नव्हती. आमच्या खोट्या आठवणीने आम्हांला एक सुंदर आजी दिली आणि त्यांच्या खोट्या आठवणीने त्यांना एक दारुडा आजोबा. दोन्हींच्या मध्ये एकच कागद होता, आणि तो प्रार्थनापुस्तकात होता. आजोबांनी तो तेथेच का ठेवला? रोज संध्याकाळी जपमाळेनंतर ते पुस्तक उघडीत, असे आई सांगे.

ताईला आम्ही सर्व सांगितले. ती रडली, कोणासाठी, ते आम्ही विचारले नाही. भिंतीवरचा संमेलनाचा फोटो तिने काढून आपल्याकडे नेला आहे. नेताना म्हणाली, ‘सरी त्यांची. पण त्या दिवशी मी नाचले होते, ते तर माझं आहे ना?’ याचे उत्तर आम्हांला देता आले नाही, आणि अजून देता येत नाही.

सरी घेऊन दुर्गला जायचे असे आम्ही फोनवर म्हटले. चाळीस रुपयांचा विषय त्या बाईनेच काढला; तो आम्ही कसाबसा टाळला. ती म्हणाली की, तिचे वडील अजून आहेत, नजर गेली आहे, पण कान शाबूत आहेत. चांदी पाहता येणार नाही त्यांना. तिने विचारले की, सुता सवडीने आणा, पण तो कागद आधी पाठवाल का?

त्याच दिवशी दुपारी आम्ही टपाल कचेरीत जाऊन चिठ्ठी रजिस्टरने पाठविली. पाठविण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी असे धाकटा म्हणत होता. आम्ही ती काढली नाही.